सदरा, साधेपणा आणि आपली सोय

मराठी विभागात कपड्यांविषयी बोलणे हे अद्यापही हलकेपणाचे लक्षण मानले जाते. अलंकारशास्त्रावर तासभर बोलणारे आम्ही, अंगावरच्या सदऱ्याचा विषय निघाला की ‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे वचन पुढे करून मोकळे होतो. या वचनाच्या आड आपण काय लपवत आलो आहोत, हे एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. आमचे म्हणणे असे, की पुरुषाने आपल्या मापाचा, चार ठिकाणी चालेल असा सदरा विचारपूर्वक निवडणे ही चैन नव्हे. आणि त्याविषयी बेफिकीर असणे हा साधेपणा नव्हे.

काही वर्षांपूर्वी एम.ए.चा एक विद्यार्थी मुलाखतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आला. ‘सर, उद्या कुठला शर्ट घालू?’ एवढाच त्याचा प्रश्न होता. आम्ही हसलो. ‘अरे, त्यांना तुझे वाचन पाहायचे आहे, शर्ट नव्हे,’ असे सांगून त्याला परत पाठवले. तो मित्राचा शर्ट घालून गेला. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कफ तळहातावर आलेले. परत आल्यावर म्हणाला, सगळा वेळ बाह्या वर सारण्यात गेला, बोलण्यात लक्षच लागले नाही. नोकरी शर्टामुळे गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचा प्रश्न खरा होता आणि आमचे उत्तर खोटे होते. कारण ते देताना आमच्या अंगात मापाने शिवलेला सदरा होता.

साधेपणाचा दाखला देताना गांधीजींचे नाव हमखास घेतले जाते. १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला, हे खरेच. पण बॅरिस्टरचा पोशाख अंगावर वागवून झाल्यावर केलेला तो त्याग होता. ज्यांना अंगभर, स्वच्छ वस्त्र नेसण्याचीच मुभा नव्हती, त्यांनी त्यागायचे काय? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडून देण्यास सांगितले. ते स्वतः सूट वापरीत, आणि गावोगावच्या पुतळ्यांत तो सूट आजही ठळकपणे दिसतो. दोघांची दिशा वेगळी असेल. परंतु वस्त्राबाबत बेफिकीर दोघांपैकी एकही नव्हता. बेफिकिरी हा आमच्यासारख्या स्थिरस्थावरांचा शोध आहे. ज्याचे स्थान पक्के, त्याच्या चुरगळलेल्या सदऱ्याला ‘विद्वत्ता’ म्हणतात. ज्याचे पक्के नाही, त्याच्या चुरगळलेल्या सदऱ्याला ‘गबाळेपणा’.

यावर आक्षेप येईल, की हे बाजारपेठेला शरण जाणे झाले. आमचा अनुभव उलट आहे. ज्याला माप कळत नाही तोच बाजाराच्या तावडीत सापडतो. तयार शर्टावरचा आकडा कुठे गळ्याचे सेंटिमीटर सांगतो, कुठे छातीचे इंच. त्यामुळे आकड्यावर विसंबू नये, शर्ट घालून पाहावा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यावी. कॉलरचे बटण लावल्यावर आत एखाददुसरे बोट जावे. बाही मनगटाशी थांबावी. फळ्यावर लिहिताना मुंढा काचू नये. कंबरेचा घेर आणि बाहीची लांबी नंतर शिंप्याकडून सहज कमी करता येते, खांदा मात्र सहजासहजी दुरुस्त होत नाही; म्हणून पारख खांद्यावरून करावी. सुती कापड धुतल्यावर आटते, तेव्हा शिवायला टाकण्यापूर्वी ते पाण्यातून काढावे. पांढरा, फिकट निळा आणि बारीक रेघांचा असे तीन नेमके सदरे वर्ग, मुलाखत, लग्न आणि शोकसभा अशा सर्व ठिकाणी निभावतात. न बसणारे दहा घेऊन कपाट भरण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

आणि आमच्या लाडक्या नेहरू शर्टाविषयीही बोलू. ढगळ म्हणजे देशी, असा समज आपण करून घेतला आहे. वस्तुतः जुन्या पद्धतीच्या कुडत्याला सरळ पट्ट्या, बाजूला कळ्या आणि बगलेत चौकोनी तुकडा असे. कापड वाया जाऊ नये आणि हात मोकळा फिरावा, यासाठीची ती अत्यंत विचारपूर्वक केलेली बेतणी होती. ढगळपणाला परंपरेचे नाव देताना आपण त्या अनामिक शिंप्याच्या कौशल्याचाच अवमान करतो.

शब्द नेमका बसला पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांनी सदरा कसाही चालेल म्हणावे, यात विसंगती आहे. पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन दारात उभा राहिला, तर आम्ही हसणार नाही. त्याला आत बोलावू, आणि आधी खांदा पाहू.