पाठ ‘मोकळी’ करून घेण्याआधी

“डॉक्टर, मोबाइलवर पाहिलं, कुत्र्याची पाठ कडकन मोडली आणि तो पळायलाच लागला. आमच्या लॅबला करून घेऊ का?” हा प्रश्न हल्ली मला वरचेवर विचारला जातो. माझं उत्तर एकच असतं: आधी तपासणी आणि एक्स-रे.

तुमचा लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो का? जिना टाळतो का? बसलेला उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन अंग ओढतो का? मग खुबा तपासायला हवा. खुब्याचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही, त्याला हिप डिस्प्लेझिया म्हणतात. वर्षभराच्या पिल्लातही तो दिसतो, त्यामुळे ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. आणि पाठ मोडून उथळ खोबण खोल होत नाही.

मणक्याचं दुखणं वेगळं असतं. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. पाठीला कमान येते, उचलताना तो किंचाळतो, मागचे पाय डगमगतात, नखं फरशीवर घासतात. पाय ओढू लागला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. पायांतली खोलवरची वेदनेची जाणीवही गेली, तर ऑपरेशन करूनही चालण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. अशा पाठीला झटका दिला तर गादी आणखी बाहेर येऊ शकते.

कायरोप्रॅक्टिक ही अमेरिकेत 1895 मध्ये माणसांसाठी सुरू झालेली पद्धत. कुत्र्यांमध्ये तिचे पुरावे तुटपुंजे आहेत. निदान पक्कं झाल्यावर, प्रशिक्षित पशुवैद्यानेच हलक्या हाताने काही करायचं असेल तर माझी हरकत नाही. पण तेच पैसे मी आधी वजन उतरवण्यावर लावीन. (बिस्किटांचा हिशोब घरात कोणीच देत नाही, हा माझा अनुभव!) लॅब्रॅडोरच्या एका दीर्घ अभ्यासात जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणारे कुत्रे सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे खुबेही उशिरा झिजले. गुळगुळीत टाइल्सवर चटई टाका. माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मात्र अजिबात देऊ नका.

दवाखान्यात भीतीने कुत्रं लंगडणं लपवतं. तेव्हा येताना घरातल्या चालण्याचा छोटा व्हिडिओ घेऊन या, समोरून आणि मागून.