पाच फूट दहा इंच

आपल्याकडे मुलाची उंची पाच फूट दहा इंच असली, तर वधूपक्षाची मंडळी पत्रिकेतले दोन-चार दोष पोटात घालतात. माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला घरात त्यालाच हाक जाते. याच पाच फूट दहा इंचांपायी अमेरिकेतल्या एका गुणी खेळाडूला जन्मभर ‘बुटका’ हे विशेषण चिकटले, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. या खेळाडूचे नाव डग फ्लूटी.

आधी त्याच्या खेळाविषयी थोडे. कूपरेजवर किंवा कोल्हापुरात आपण पाहतो तो हा फुटबॉल नव्हे. नावात पाय असला तरी बहुतेक कारभार हातांचा. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. चार चालींत दहा यार्ड पुढे सरकायचे; सरकलात तर आणखी चार चाली, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. या चालींचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हाती आला की कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हवाली करायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. समोर आपले आणि परके धिप्पाड गडी एकमेकांना भिडलेले. त्या भिंतीपलीकडचे दिसावे म्हणून क्वार्टरबॅक उंच हवा, असा दंडक पडला. दंडकात तथ्य नव्हते असे नाही. चूक झाली ती त्यालाच सर्वस्व मानण्यात.

फ्लूटीचा जन्म 1962 चा. मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक गावी त्याचे शालेय शिक्षण झाले. पुढे बॉस्टन कॉलेज या जेझुइट पाद्र्यांच्या संस्थेत त्याला प्रवेश मिळाला. 1981 साली तिथल्या क्वार्टरबॅकांच्या रांगेत तो चौथा. पेन स्टेटविरुद्धचा सामना हातचा जाऊ लागला तेव्हा त्याला मैदानात उतरवले, आणि त्यानंतर ती जागा त्याचीच झाली. चार वर्षांत त्याने चेंडू फेकून 10,579 यार्डांची कमाई केली. दहा हजारांचा टप्पा ओलांडणारा कॉलेजच्या वरच्या श्रेणीतला तो पहिलाच.

लोकांच्या ध्यानात मात्र राहिली ती एकच फेक. 23 नोव्हेंबर 1984. मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर आदल्या वर्षीच्या विजेत्या मायामीशी गाठ. गुणफलक 45-41, बॉस्टन मागे. शिल्लक सहा सेकंद, गोलरेषा 48 यार्ड दूर, वारा समोरचा. अशा निर्वाणीच्या फेकीला अमेरिकेत ‘हेल मेरी’ म्हणतात. मेरीमातेची प्रार्थना करून चेंडू फेकायचा, बाकी तिच्या हाती! फ्लूटी मागे सरकला, अंगावर येणाऱ्या गड्याला त्याने हुलकावणी दिली आणि चेंडू फेकला. चेंडू साठ यार्डांहून अधिक हवेतून गेला आणि जेरार्ड फेलन या सोबत्याने तो गोलरेषेच्या आत छातीशी कवटाळला. 47-45!

यातली खरी गंमत पुढेच आहे. मायामीचे बचावपटू फेलनच्या मागे गेलेच नाहीत. एवढ्याशा माणसाच्या हातून चेंडू इतका लांब येईल, असे त्यांना वाटलेच नव्हते. म्हणजे उंचीवरून हिशेब मांडणाऱ्यांची त्या दिवशी पुरती फसगत झाली.

त्या वर्षीची हाइस्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, फ्लूटीला मिळाली. कॉलेजकडे प्रवेशाचे अर्ज वाढले आणि त्याला ‘फ्लूटी इफेक्ट’ असे नावही पडले. आमच्या मराठी विभागाने कोणता चेंडू कुठे फेकावा म्हणजे चार विद्यार्थी वाढतील, याचा विचार मी अधूनमधून करतो.

एवढे होऊनही व्यावसायिक खेळात पुन्हा फूटपट्टी आडवी आली. 1985 साली तो न्यू जर्सी जनरल्स या संघात गेला. मालक होते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले डोनाल्ड ट्रम्प. तो हंगाम संपला आणि त्यांची संघटनाच बुडाली. मग शिकागो, मग न्यू इंग्लंड. बराच काळ बाकावर बसण्यात गेला. 1990 साली त्याने कॅनडाची वाट धरली.

तिथले मैदान अधिक लांब-रुंद, चाली चारऐवजी तीन. जागेवर उभे राहणाऱ्यापेक्षा धावता धावता फेकणाऱ्याला तिथे वाव. आठ हंगामांत 41,355 यार्ड, तीन वेळा ग्रे कप आणि सहा वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान. माणूस तोच आणि उंचीही तीच, मैदान तेवढे बदलले होते.

1998 मध्ये बफेलोने त्याला परत बोलावले. 1999 च्या हंगामात त्याने पंधरा सामन्यांत सूत्रे सांभाळून दहा जिंकून दिले. पण बादफेरीच्या सामन्यात उतरवले ते दुसऱ्यालाच. बफेलो तो सामना हरले आणि पुन्हा बादफेरी गाठायला त्यांना 2017 चा हंगाम उजाडावा लागला. फ्लूटी असता तर जिंकलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण दहा विजय हिशेबात धरायला हरकत नव्हती.

1 जानेवारी 2006 ला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, न्यू इंग्लंडकडून खेळताना त्याने चेंडू जमिनीवर टाकला आणि उसळताच लाथेने दोन खांबांमधून धाडला. ड्रॉप किकचा हा प्रकार त्या संघटनेच्या सामन्यांत 1941 नंतर कोणी साधलाच नव्हता. त्या हंगामानंतर तो निवृत्त झाला.

2008 मध्ये बॉस्टन कॉलेजने मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला. तोही त्या एकाच फेकीचा. मला मात्र त्या फेकीआधीची तीन वर्षे अधिक मोलाची वाटतात: चौथ्या नंबरच्या पोराला खेळू देणारी आणि तो खेळतोय म्हटल्यावर खेळू देतच राहणारी. जूनमध्ये गुणपत्रिका घेऊन आमच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलांकडे पाहताना आम्हा मास्तरांनी आणि त्यांच्या आईबापांनी एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.