शहराचं नाव बदलून ऐका!

तुमच्या प्लेलिस्टमध्ये आत्ता किमान एक गाणं असं असणार, ज्यात लंडन, पॅरिस, बर्लिन नाहीतर रोमचं नाव आहे. नसेल, तर गेल्या सीझनच्या एखाद्या लग्नात त्यावर नाचला तरी असाल. ‘लंडन ठुमकदा’ लागलं की मामेबहिणीपासून मोठ्या काकूंपर्यंत सगळ्या फ्लोअरवर, हे आता मराठी हळदीतही ठरून गेलंय. नाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी लंडन पाहिलंय, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. विचारूही नये. पण नाचून झालं, घाम पुसून झाला की एक खेळ करून बघा.

गाण्यातलं शहराचं नाव काढा आणि तिथे दुसरं घाला. लंडनच्या जागी दुबई, पॅरिसच्या जागी प्राग. मीटरमध्ये बसतंय की नाही, ते सोडून द्या. अर्थ बसतो का, एवढंच बघा. या एका साध्या चाचणीतून बरंच काही कळतं. गाणं खरोखर त्या शहराबद्दल आहे, एखाद्या माणसाबद्दल आहे, की आपल्याच हौसेबद्दल आहे, ते उघडं पडतं. तुमच्या वयात हे कळणं फार गरजेचं आहे असं मला वाटतं. का, ते पुढे सांगते.

आधी एक गंमत. हा खेळ मी शोधलेला नाही. गाणी लिहिणाऱ्यांनी तो स्वतःच खेळलाय. राल्फ मॅकटेल हा इंग्लिश गायक तरुणपणी पॅरिसच्या रस्त्यांवर गाऊन पैसे मिळवायचा. तिथली एकटी, बेघर माणसं पाहून त्याच्या डोक्यात गाणं आलं, तेही पॅरिसचंच. पण पॅरिसच्या गरिबांवरचं एक गाणं आधीच प्रसिद्ध होतं, म्हणून त्याने शहर बदललं. आज जगाला ते ‘स्ट्रीट्स ऑफ लंडन’ म्हणून माहीत आहे. ‘द किंक्स’ या बँडच्या रे डेव्हिसचं तसंच झालं. त्याच्या मनात आधी लिव्हरपूलचा सूर्यास्त होता. तेवढ्यात बीटल्सचं ‘पेनी लेन’ आलं, त्यात लिव्हरपूलच होतं. मग डेव्हिस आपल्या लंडनकडे वळला आणि १९६७ मध्ये ‘वॉटर्लू सनसेट’ आलं. आता लंडनवरच्या उत्तम गाण्यांची यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

तिसरं उदाहरण तर सरकारी आहे. सोव्हिएत काळातलं ‘पॉदमस्कोव्निये वेचेरा’, म्हणजे मॉस्कोच्या आसपासच्या संध्याकाळी, हे जगभर गाजलेलं रशियन गाणं. १९५५ च्या सुमारास लिहिलं गेलं तेव्हा त्या संध्याकाळी लेनिनग्राडच्या होत्या. सांस्कृतिक मंत्रालयाकडून सूचना आली आणि लेनिनग्राड जाऊन मॉस्को आलं. राजधानी शेवटी राजधानी! पण गाणं बिघडलं का? अजिबात नाही. कारण ते मुळात नदीकाठच्या शांत रात्रीचं आणि मनातलं बोलू न शकणाऱ्या प्रेमाचं आहे. ती रात्र कुठेही असू शकते.

म्हणजे नाव बदलूनही गाणं टिकलं, तर ते वाईट असतं असं नाही. मॅकटेलच्या गाण्यातला म्हातारा लंडनमध्येही तेवढाच एकटा आहे, जेवढा पॅरिसमध्ये होता. उलट त्यामुळेच ते गाणं मोठं झालं.

आता आपल्याकडे या. १९६७ मध्ये शक्ती सामंतांचा ‘ॲन इव्हनिंग इन पॅरिस’ आला. शम्मी कपूर, शर्मिला टागोर, शंकर-जयकिशनचं संगीत, रफींचा आवाज. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९६६ मध्ये, रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला होता. परकीय चलन मिळवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्या प्रेक्षकासाठी पॅरिस म्हणजे थिएटरचं तिकीट. त्याला माहीत होतं की आपण तिथे कधी जाणार नाही, त्यामुळे गाणं त्याला फसवत नव्हतं. तीन तास फिरवून सुखरूप घरी आणून सोडत होतं.

‘लंडन ठुमकदा’ २०१४ च्या ‘क्वीन’मधलं. आता ‘क्वीन’ची गोष्ट आठवा. लंडन कुणाचं आहे? राणीचं नाही, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं. विजय तिकडे नोकरी करतो. दिल्लीच्या राजौरी गार्डनमध्ये सगळे ज्या लंडनवर नाचतायत, ते खरं तर स्थळाच्या बायोडेटातली एक ओळ आहे. तिथे टोरांटो घाला, सिडनी घाला, पाहुणे तेवढेच जोरात नाचतील. आणि पुढे होतं काय? लंडनवाला लग्न मोडतो. राणी एकटीच निघते, पॅरिसला आणि ॲमस्टरडॅमला. तिथे तिला पोस्टरमधलं शहर भेटत नाही. भेटतात माणसं, हॉस्टेलची एकच खोली वाटून घेणारी, आपापले प्रश्न घेऊन आलेली. म्हणजे सिनेमा स्वतःच्याच सगळ्यात हिट गाण्याच्या उलट बोलतोय. आपण मात्र गाणं ठेवलं आणि सिनेमा विसरलो.

इथे माझा मुद्दा येतो. १९६७ चा प्रेक्षक पॅरिसला जाणार नव्हता. तुम्ही जाऊ शकता. तुमच्या वर्गातले दोघं-चौघं आयईएलटीएसच्या क्लासला जात असतील, कुणी जर्मनचं बी-वन करत असेल, कुणाच्या घरी शैक्षणिक कर्जासाठी फ्लॅटची कागदपत्रं बँकेत गेली असतील. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच दाखवावे लागतात, बहुतेक मुलं ते ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरतात. २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो झाली. रुपयांत किती होतात ते आजच्या भावाने तुम्हीच काढा, आणि आईबाबांचा वर्षाचा पगार शेजारी लिहून बघा. एवढा मोठा निर्णय कुठल्या शहरासाठी घेताय, हे नीट माहीत असायला हवं ना?

तुम्ही म्हणाल, गाणं ऐकून कुणी ॲडमिशन घेत नाही. बरोबर, थेट कुणीच घेत नाही. पण शहर ‘आवडतं’ कधी होतं, याचा जरा मागोवा घ्या. कोर्सची माहिती नंतर येते. आधी येतं पंधरा सेकंदांचं रील. मागे गाणं, पुढे पावसात चमकणारा रस्ता, हातात कॉफी. ‘वाइब’ आधी ठरते, युनिव्हर्सिटी नंतर शोधली जाते. आणि मग तिकडे गेल्यावर तळघरातली खोली, चार वाजताच पडणारा अंधार आणि रेस्टॉरंटमधली भांडी समोर आली की वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. तुमचं काही चुकत नसतं. तुम्ही ऐकलेल्या गाण्यात ही खोली कधी नव्हतीच.

पंधरा सेकंदांनी गाण्याचं काय होतं, त्याचा नमुना म्हणजे ‘द क्लॅश’चं ‘लंडन कॉलिंग’. १९७९ चं गाणं. नाव घेतलंय महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओवरून जगाला जी हाक जायची, तिच्यावरून. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अणुअपघात झाला होता, आणि थेम्सला पूर येऊन लंडन बुडेल ही भीती तेव्हा खरी होती. पूर अडवायला नदीवर अडसर बांधायचं काम चालू होतं. गाणं म्हणजे सरळसरळ धोक्याचा इशारा. पण त्यातले नावाचे दोनच शब्द उचलले की ते आमंत्रण वाटतं. पुढे ते जाहिरातींतही वाजलं. पूर्ण ऐकलं तर ‘सांभाळा’ म्हणणारं गाणं, तुकडा ऐकला तर ‘या, या’ म्हणतं.

आता नाव बदललं की कोसळणारी गाणी बघू. ‘स्कॉर्पिअन्स’ या जर्मन बँडचं ‘विंड ऑफ चेंज’, शिट्टीने सुरू होणारं. ऑगस्ट १९८९ मध्ये मॉस्कोत पाश्चात्त्य रॉक बँड्सचा मोठा महोत्सव झाला. तिथे क्लाउस माइनेने जे पाहिलं, त्यातून हे गाणं आलं. त्यात मॉस्कोची नदी आहे, गॉर्की पार्क आहे. तिथे मॉस्कोऐवजी व्हिएन्ना टाकलं तर काही उरत नाही, कारण शीतयुद्ध संपल्याचा दिलासा त्या एका नावावर उभा आहे. म्हणूनच २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर माइनेला ते शब्द जसेच्या तसे गाववेनात. कार्यक्रमात त्याने सुरुवातच बदलली. तीस वर्षं गायलेलं, जगभर पाठ असलेलं गाणं. लोकांना जुनेच शब्द ऐकायचे असणार, तरी बदललं. गाण्यातल्या शहराबद्दल अशी जबाबदारी वाटायला हिंमत लागते.

दुसरं, बिली जोएलचं ‘व्हिएन्ना’, १९७७ चं. त्याचे वडील जर्मन ज्यू. नाझींमुळे कुटुंबाला देश सोडावा लागला होता. बिली लहान असतानाच आईवडील वेगळे झाले आणि वडील पुढे युरोपात परतले. मोठेपणी बिली त्यांना भेटायला व्हिएन्नाला गेला. तिथे एक म्हातारी बाई रस्ता झाडताना दिसली आणि त्याला वाईट वाटलं. वडिलांनी समजावलं की तिला काम आहे, आपला उपयोग होतोय असं तिला वाटतं, यात वाईट काय? त्यातून गाणं आलं, घाईत असलेल्या तरुणाला ‘थांब जरा, आयुष्य मोठं आहे’ सांगणारं. तेव्हा ते मुख्य सिंगल म्हणून आलंही नव्हतं. आज तुमच्या पिढीने त्याला उचलून धरलंय. प्लेसमेंट, सीईटी, इंटर्नशिप, बॅकलॉग यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला ते का भिडतं, हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे व्हिएन्नाच्या प्रेक्षणीय स्थळांची त्यात यादी नाही. आहे ती वय वाढण्याची भीती, आणि ती घालवणारं एक शहर.

‘इतका विचार करून गाणी ऐकायची? मग मजा काय?’ असा तुमचा प्रश्न रास्त आहे. मजेसाठीच्या गाण्यांवर माझा काही राग नाही. ‘लंडन ठुमकदा’वर जरूर नाचा. फक्त ते लंडनची माहिती देत नाही, आपल्या लग्नांची माहिती देतं, एवढं लक्षात असू द्या. हौसेचं गाणं हौसेसाठी ऐकावं. घराच्या कर्जाइतका मोठा निर्णय घेताना मात्र तिथे राहिलेल्या, तिथे भाडं भरलेल्या माणसाचं गाणं ऐकावं. आणि शक्य असेल तर त्या माणसाशीच बोलावं.

शेवटी एक मराठी नाव, कारण या यादीत आपणही आहोत. अण्णाभाऊ साठे. वाटेगावहून मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला हा शाहीर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला आणि बर्लिनचाही. युरोपातली राजधानी मराठी पोवाड्यात! त्यांनी बर्लिन पाहिलं नव्हतं. परदेशप्रवास घडला तो थेट १९६१ मध्ये, रशियाचा. पण बर्लिनचं नाव घेताना ते मिरवत नव्हते. तिथे फॅसिझम हरतो की जिंकतो, याचा आपल्या चाळीतल्या कामगाराशी संबंध आहे, हे त्यांना ठाऊक होतं. बर्लिनच्या जागी पॅरिस टाका, पोवाडा उभाच राहणार नाही. न पाहिलेल्या शहरावरही खरं गाणं लिहिता येतं, ते असं. त्याच अण्णाभाऊंनी पुढे ‘माझी मैना गावावर राहिली’ लिहिलं. पोटासाठी मुंबईत आलेला माणूस आणि मागे राहिलेली मैना, त्या ताटातुटीतून अख्ख्या संयुक्त महाराष्ट्राचं दुःख त्यांनी मांडलं.

आज सांगलीचा, नाशिकचा, नांदेडचा पोरगा बर्लिनला जातो. लातूरची मुलगी डब्लिनमध्ये वीकेंडची शिफ्ट करून रात्री शेवटच्या बसने खोलीवर येते आणि इकडे पहाट व्हायची वाट बघते, आईला फोन करायला. त्या बसचं, त्या खोलीचं, त्या फोनचं मराठी गाणं मला अजून ऐकायला मिळालेलं नाही. तुमच्यात कुणी लिहिणारं असेल, कुणाचा कॉलेजचा बँड असेल, कुणाची ताई तिकडे असेल, तर हे काम तुमचं आहे. लिहून झालं की शहराचं नाव बदलून बघा. डब्लिनच्या जागी पॅरिस घातल्यावर ताई फोनवर म्हणाली, ‘छे, हे माझं नाही’, तर गाणं जमलं असं समजा.