मेणाचे घर, वळचण आणि चिमणी

दरवर्षी २० मार्च जवळ आला की आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी चिमणीवरचे लेख येऊ लागतात. २०१० पासून हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो आणि नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या 'नेचर फॉरेव्हर सोसायटी'ने त्याची सुरुवात केली, एवढी माहिती विद्यार्थ्यांना असते. पुढचे लेखन मात्र एकाच साच्यातून निघालेले असते. चिऊताई रुसली, चिऊताई हरवली, चिऊताई, आता परत ये. आम्ही दोघेही गेली अनेक वर्षे मराठी शिकवीत आहोत, आणि हे लेख तपासताना एक गोष्ट आम्हांला सतत खटकत आली आहे: या लेखांत चिमणी कोठेच नसते. नराच्या गळ्याखाली काळा पट्टा असतो, मादीला तो नसतो, एवढे साधे निरीक्षणही त्यांत सापडत नाही. शोक आहे, पण ज्याच्यासाठी तो करायचा त्याची ओळख नाही. साहित्याच्या अध्यापकाला अशा शोकाची धास्ती वाटली पाहिजे.

आम्ही राहतो मुलुंड पूर्वेला, पन्नाशीच्या घरात आलेल्या एका तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर. मागच्या दाराला लागून मातीचा एक चिंचोळा पट्टा आहे. त्याला परसबाग म्हणणे थोडे धाडसाचेच. पण तुळस, कढीलिंब, जास्वंद, एक वाकडा पारिजातक आणि मेंदीचे वाढलेले कुंपण एवढा ऐवज तेथे आहे. सकाळच्या पहिल्या तासिकेला निघण्यापूर्वी चहाचे कप घेऊन आम्ही पायरीवर बसतो. मेंदीच्या आत आठ-दहा चिमण्यांचा कलकलाट चालू असतो. कोरड्या मातीत त्या पोटाने खळगे करतात आणि धुळीची अंघोळ करतात. एकीच्या खळग्यात दुसरी शिरली की भांडण जुंपते. या अंघोळीला लागते ती नुसती माती. फरशी नको, हिरवळ नको, पाणी घातलेली कुंडीही नको. आमच्या परसातील सर्वांत ओसाड, काहीही न उगवणारा कोपरा त्यांना सर्वांत प्रिय आहे, हे आमच्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

आनंद दोघांचा एक असला तरी मते एक नाहीत. आमच्यापैकी एकाने तीन वर्षांपूर्वी लाकडी घरटे आणून भिंतीवर टांगले आणि मातीच्या परळात बाजरी ठेवण्यास सुरुवात केली. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ही चिमणीची सेवा नसून आपल्याच अपराधी मनाची समजूत आहे. निकाल असा लागला: घरटे आजही रिकामे आहे. चिमण्यांच्या एका जोडीने संसार मांडला तो जिन्याखालच्या वीजमीटरच्या पेटीमागील फटीत, झाडूच्या काड्या आणि फाटक्या पायपुसण्याचे दोरे नेऊन. बाजरीवर चिमण्यांपेक्षा कबुतरे अधिक आली, रात्री उंदीर आले आणि वरच्या मजल्यावरून तक्रारही आली. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून शहरात जे रण माजले, त्याची लहानशी आवृत्ती आमच्या परसात आधीच होऊन गेली होती. पाखराला दाणा घालणे हे पुण्य, हा संस्कार. आणि दाण्याच्या ढिगावर कोणते पाखरू वाढते याचा हिशेब, हे शास्त्र. या दोहोंची गाठ सहजासहजी पडत नाही.

शास्त्राचा विषय निघालाच आहे, तर चिमणी खरोखर नाहीशी होत आहे काय, हेही पाहावे. २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल प्रसिद्ध झाला. पक्षिनिरीक्षकांनी वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींवर तो आधारलेला आहे. त्याचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला: पाव शतकाहून अधिक काळात देशभरातील चिमण्यांची संख्या साधारणपणे स्थिर राहिली आहे, मात्र मुंबईसह मोठ्या महानगरांत ती हळूहळू घटत आलेली दिसते. म्हणजे चिमणीने माणसाला सोडलेले नाही. ती गेली आहे ती एका विशिष्ट प्रकारच्या वस्तीतून. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या मेल्या, हे वाक्य तर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक निबंधात असते. केंद्र सरकारने २०१० साली या प्रश्नासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. परंतु चिमण्यांच्या घटीचे खापर मनोऱ्यांवर फोडता येईल असा ठोस पुरावा आजवर पुढे आलेला नाही. मनोरा दोषी ठरला तर आपण सुटतो, हे या समजुतीच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

लंडनमध्येही हेच कोडे पडले होते. तेथील चिमण्या का नाहीशा झाल्या हे सिद्ध करून दाखवणाऱ्यास 'द इंडिपेंडंट' या दैनिकाने २००० साली पाच हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पुढे इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या अभ्यासातून एक महत्त्वाचा धागा हाती आला: पुरेसे कीटक न मिळाल्याने पिल्ले घरट्यातच उपाशी मरत होती. मोठी चिमणी दाणे खाते, पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मऊ, प्रथिनांनी भरलेले खाद्य लागते: मावा, अळ्या, लहान किडे. आमच्या कढीलिंबावर फुलपाखरांच्या अळ्या होतात. पूर्वी आम्ही त्या वेचून टाकत असू, जास्वंदीवर मावा आला की औषध फवारीत असू. एका पावसाळ्यात मीटरपेटीतील मादी त्याच अळ्या चोचीत धरून फेऱ्या मारताना दिसली, आणि फवारणीचा पंप माळ्यावर गेला. परळातील बाजरीने जे साधले नाही ते आमच्या या आळसाने साधले. आमच्या वादात दोघांचेही एकमत झाले असा हा एकमेव मुद्दा.

आता साहित्याकडे वळू. मराठी मूल जी पहिली कथा ऐकते तीत कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे असते. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा चिमणीच्या दारात येतो आणि चिमणी आतून एकेक सबब सांगत त्याला थांबवून ठेवते. बाळाची अंघोळ, तीट, पावडर. संसारी स्त्रीची सारी लगबग तीत आहे. आमच्या शेजारच्या गुजराती बेन नातवाला चका-चकीची गोष्ट सांगतात. तीत चकी तांदळाचा दाणा आणते, चका मुगाचा, आणि दोघे खिचडी शिजवतात. दोन्ही भाषांनी चिमणीला गृहिणी केले. भाषेतही ती घरातलीच. मुलाला भरवताना एक घास तिच्या नावाचा निघतो. सदऱ्याच्या टोकात धरून वाटून घेतलेली गोळी 'चिमणीच्या दातांनी' तोडलेली असते, जरी चिमणीला दात नसले तरी. आणि 'चिमणा' म्हणजे लहान व लाडका.

पण या कथेत एक मोठी मेख आहे. खरी चिमणी स्वतंत्र घर क्वचितच बांधते. तिला आयती पोकळी लागते. ती माणसाच्या घरातील भाडे न देणारी पोटभाडेकरू आहे. घाटकोपर-मुलुंडच्या बैठ्या चाळींत मंगलोरी कौलांखाली, वाशांच्या सांध्यांत, भिंतीवर पुढे कललेल्या तसबिरीमागे तिचे बिऱ्हाड असे. दाराशी बसून कोणी सुपाने धान्य पाखडले की तिचे जेवण होई. वाण्याच्या दुकानात उघड्या तोंडाची पोती असत. आज धान्य निवडून, पिशवीत बंद होऊन येते. खिडकीला सरकत्या काचा असतात. झरोका गेला, तसबीर गेली. आणि 'वळचण' गेली. मागच्या वर्षी वर्गात हा शब्द आला तेव्हा साठांपैकी तिघांनाच त्याचा अर्थ सांगता आला. त्यांपैकी दोघांचे आजोळ कोकणात होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हांला आनंदच आहे; पण जी वस्तू घरातून गेली तिचा शब्द कोणताही दर्जा टिकवून धरू शकत नाही, हे त्या तासाला कळले. दिल्लीने २०१२ साली चिमणीला राज्यपक्षी घोषित केले. तेथेही गोष्ट निराळी नसावी.

आणखी एक. चिमणीचे प्रेमळ रूप हा आपला पाठ आहे, चिमणीचा स्वभाव नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली हीच चिमणी उत्तर अमेरिकेत स्थानिक पक्ष्यांना घरट्यांतून हुसकावणारी उपरी ठरली. चीनमध्ये १९५८ साली तिला धान्यचोर ठरवून तिच्यावर मोहीम काढण्यात आली. कीड वाढल्यावर १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतील तिची जागा ढेकणाला देण्यात आली. आणि आपले डॉ. सालिम अली? खेतवाडीतील बालपणी, १९०६-०७ च्या सुमारास, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने घरट्यावर पहारा देणारा नर मारला. मादीने लगेच दुसरा जोडीदार मिळवला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर पडले, प्रत्येक वेळी नवा नर हजर झाला, आणि या मुलाने त्याची नोंद करून ठेवली. आमच्यापैकी एकाला ही हकिकत वाचवत नाही. दुसऱ्याचे मत असे, की ते क्रौर्य होते हे खरे, पण त्या मुलाने पाहिले, आणि पाहिले ते लिहिले. जाता जाता विद्यार्थ्यांसाठी सांगायला हवे: 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या त्यांच्या १९८५ च्या आत्मचरित्राच्या शीर्षकातील चिमणी ही आपली घरचिमणी नव्हे. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी. तिचे नाव शोधत तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेला आणि पुढचा सारा इतिहास घडला. शीर्षकाचा धागा मात्र 'हॅम्लेट'च्या शेवटच्या अंकापर्यंत जातो.

हे सारे आज लिहिण्याचे कारण घरगुती आहे. आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. छताचे पोपडे पडतात, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत, पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. संमतिपत्रावर आम्हीही सही केली आहे, आणि ती नाइलाजाने नव्हे. आजींना उद्वाहक मिळावा यापुढे चिमणीचे खळगे मोठे, असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही. तसे म्हणणे योग्यही ठरणार नाही. परंतु नकाशात आमच्या मातीच्या पट्ट्यावर वाहनतळ आहे, उरलेल्या जागेत सिमेंटचे ठोकळे आहेत, आणि कुंड्यांतील शोभेच्या झाडांना 'हरित परिसर' असे नाव आहे. त्या परिसरात एकही अळी होणार नाही.

विशेष सर्वसाधारण सभेत आम्ही दोन मागण्या मांडल्या. कुंपणालगत तीन फूट रुंदीची माती उघडी ठेवावी व तेथे मेंदीच लावावी. आणि मागच्या भिंतीत काही पोकळ विटा बसवाव्यात. कोणीतरी हसत म्हणाले, "सर, मॅडम, चिमण्यांनाही वाढीव चटईक्षेत्र हवे का?" सभा हसली, आम्हीही हसलो. वास्तुविशारदांनी भिंतीत ओल येईल असा आक्षेप घेतला. ब्रिटनमध्ये पक्ष्यांसाठी अशा विटा नव्या बांधकामातच बसवतात आणि त्यांची पोकळी विटेपुरतीच असते, भिंतीच्या आत जात नाही, असे आम्ही सांगितले. तेवढ्यात शेजारच्या बेन उठल्या आणि म्हणाल्या, "तीन फूट तर मागतात, द्या ना." मागण्या इतिवृत्तात लिहिल्या गेल्या. 'विचार करू' असा शेरा त्यांच्यापुढे आहे.

घरी परतताना ती जुनी कथा आठवली, आणि तिच्यातील पात्रांची अदलाबदल झाल्यासारखे वाटले. पक्के घर आपले; दाराबाहेर उभी आहे ती चिमणी; आणि आतून थांब, जरा थांब असे म्हणणारे आपण. तिला आपली दया नको आहे, कदाचित लाकडी घरटेही नको आहे. तिला हवी आहे थोडी माती, थोडी कीड, भिंतीतली एक फट: नीटनेटकेपणाच्या हव्यासात आपण जे जे बुजवले ते. येत्या २० मार्चला आम्ही विद्यार्थ्यांना चिमणीवर निबंध देणार नाही. सकाळी पंधरा मिनिटे एका जागी बसा, चिमणी दिसली तर ती काय करते ते लिहा, आणि न दिसली तर त्या जागी माती, झुडूप, फट यांपैकी काय नाही ते लिहा, एवढेच सांगणार आहोत. तोवर आमची इमारत उभी असली, तर मेंदीजवळच्या पायरीवर बसायला त्यांना घरीही बोलवू.