गोल्फची काठी आणि शाळेचे पटांगण

जपानमधील फुकुशिमाच्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या, तिसरीत शिकणाऱ्या एका मुलाला बेसबॉलचा चेंडू शक्य तितका दूर टोलवण्याचे वेड असते. एके दिवशी त्याची एका व्यावसायिक महिला गोल्फपटूशी गाठ पडते. गोल्फचा चेंडू याहूनही दूर जातो, हे त्याला तिच्यामुळे कळते आणि त्याच्या आयुष्याची दिशाच पालटते. २०२४ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘रायझिंग इम्पॅक्ट’ या सचेतन चित्रमालिकेचे हे कथाबीज होय. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, मोतोओ आबिको यांनी ‘प्रो गोल्फर सारू’ ही चित्रकथा सुरू केली होती. (त्यांचाच ‘निन्जा हातोरी’ आपल्या घराघरांतील मुलांना ठाऊक आहे.) तिचा रानवट बालनायक स्वतः घडविलेल्या लाकडी काठीने श्रीमंतांना हरवितो.

ही निव्वळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईत चेंबूरच्या वस्तीत गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून राबणारी मुले लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने अरुंद गल्ल्यांतून हा खेळ खेळतात. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरील कॅडी होता, आणि २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकणारा चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानावरील हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा. गुणांना जात-वर्ग नसतो, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. परंतु या सर्वांत समान गोष्ट निराळीच आहे. गरिबी प्रत्येकाच्या वाट्याला होती, हे खरे. तथापि प्रत्येकाचे घर अथवा पोटापाण्याचा उद्योग मैदानाला लागून होता. मैदान जवळ नसते, तर त्यांच्या अंगचे गुण कोणास दिसले असते?

कारंजा (घाडगे) येथील मुलाला हा शेजार लाभणे नाही. नागपूर-अमरावती महामार्गावरील, संत्र्यांच्या बागांच्या आणि कपाशीच्या या तालुक्यात अठरा खळग्यांच्या गोल्फसाठी शंभराहून अधिक एकर जमीन व तिला लागणारे बारमाही पाणी कोणी मागू नये, आणि मागितले तर देऊ नये. आमचे गाऱ्हाणे गोल्फ नाही याचे नव्हेच. चित्रमालिकेतील मुलाला काठीच्या आधी शिक्षक भेटतो, आणि आमच्याकडे नेमका तोच भेटत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला पटांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक मानले आहे. शिक्षकाच्या बाबतीत मात्र तेच परिशिष्ट हात आखडते: सहावी ते आठवीच्या वर्गांची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, तोही अंशकालीनच! खेड्यातील ज्या शाळांत या तीन वर्गांत मिळून चाळीस-पन्नास मुले बसतात, त्यांचे काय? तेथे गणित शिकविणाऱ्या गुरुजींनीच शिट्टी गळ्यात अडकवायची. ते बिचारे तेही करतात. पण चेंडू दूर मारणाऱ्या मुलाकडे पाहून ‘याच्यात काही आहे’ हे ओळखण्याचे प्रशिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. पटसंख्येची ही अट प्रत्येक शाळेपुरती न मोजता केंद्रातील आठ-दहा शाळांच्या एकत्रित पटावर लावली, तर एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक पटांगणावर पोहोचू शकेल. त्याच्या वेतनाचा भार राज्याने उचलावयाचा की जिल्हा परिषदेने, एवढाच प्रश्न मग उरतो.