दादाची सायकल

फाल्गुनात एका रात्री भाचीचा फोन आला. 'आत्या, बाबांनी डोंगरी सायकल जोडून घ्यायचे मनावर घेतले आहे. तू तरी त्यांना समजाव.' मी समजावले नाही. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचार, एवढेच दादाला सांगितले.

दादाचे वय ६९. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयधमनीत स्टेंट बसवला आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी मागे लागली. डॉक्टरांनी 'नियमित व्यायाम' असे लिहून दिले होते. घराने त्यातून 'जपा' एवढेच वाचले. आधी स्कूटरची किल्ली काढून घेतली गेली, मग भाजीची पिशवी, मग एकट्याने टेकडीवर जाणेही थांबले. वहिनींची भीती खोटी नव्हती. अशी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार बसला, तर बाहेरून किरकोळ वाटणारी इजा आत गंभीर रक्तस्राव करू शकते. पण दादा अबोल होत चालला होता, आणि हे लक्षण कोणत्याही केसपेपरवर नोंदलेले नव्हते.

स्ट्रेस टेस्ट झाली आणि परवानगी मिळाली, ती अटींसह. हेल्मेटशिवाय फाटकाबाहेर पडायचे नाही. चालवताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. छातीत दुखले, चक्कर आली वा नेहमीहून वेगळा दम लागला, तर तिथेच थांबून घरी कळवायचे.

दादाला हवी होती ती 'हार्डटेल' सायकल, म्हणजे पुढच्या फोर्कात स्प्रिंग आणि मागचा सांगाडा ताठ. क्रॉस-कंट्री प्रकारातली ही सायकल कच्च्या वाटेवर चढउतार करीत लांब जाण्यासाठी असते. हवेत उड्या घेण्याचे वेड वेगळ्या सायकलींचे. मागे धक्के झेलणारी यंत्रणा नसल्याने किंमत, वजन आणि दुरुस्ती तिन्ही आटोक्यात राहतात. रुंद टायर आणि हलके गियर ही तर पुण्याच्या रस्त्यांवर ज्येष्ठांना उपयोगीच पडणारी सोय.

या सायकलीचा जन्मच मोडीतला आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर सोडत. १९७६ साली तिथे सुरू झालेल्या एका शर्यतीचे नाव 'रीपॅक' पडले, कारण एका उतारातच मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. ही हकिकत मी दादाला मुद्दाम ऐकवली. स्वस्तात सायकल जोडताना पहिली काटकसर ब्रेकवर होते, आणि ती तिथे होता कामा नये.

सुटे भाग जमवून शून्यापासून जोडण्यापेक्षा जुनी सबंध सायकल घेणे स्वस्त पडते. दादाला ती ९,००० रुपयांत मिळाली. सांगाड्याच्या सांध्यांना केसाएवढीही चीर नाही, सीटची नळी जाम झालेली नाही आणि चाके डगमगत नाहीत, हे पाहूनच पैसे दिले. हायड्रॉलिक ब्रेकला ४,२०० लागले. संधिवाताच्या बोटांना तारेचा ब्रेक दाबवत नाही. हा एका बोटाने लागतो. दोन टायर ३,०००, उंच हँडल, आखूड स्टेम आणि रुंद मुठी मिळून २,१००, चेन आणि मागच्या चकत्या १,६००, मजुरी ९००, हेल्मेट २,०००. एकूण २२,८०० रुपये.

पुढची तीन चकत्यांची जुनी जोडणी बदलून हल्लीसारखी एकच चकती बसवा, असे दुकानदाराचे म्हणणे होते. दादाने दाते मोजले. पुढची सर्वांत लहान चकती २२ दात्यांची, मागची सर्वांत मोठी ३२ची. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक पाऊण फेरीही फिरत नाही. पुढे ३२ आणि मागे ४६ दाते घेऊनही चढावर जवळजवळ तेवढेच बळ लागते. खर्च वाचला. गुडघ्यासाठी जड गियर रेटण्यापेक्षा हलक्या गियरवर भरभर पाय फिरवणे केव्हाही बरे.

एवढे जमले आणि पहिल्याच दिवशी घात व्हायची वेळ आली. जुन्या सायकलीवर उजव्या हाताशी पुढचा ब्रेक, ही दादाची पन्नास वर्षांची सवय. दुकानात नवे ब्रेक उलटे जोडले गेले होते आणि कोणी तपासले नव्हते, मीही नाही. सोसायटीच्या आवारात वळताना त्याने मागचा समजून डावा ब्रेक दाबला, पुढचे चाक जागच्या जागी थांबले आणि मागचे उचलले गेले. वेग चालण्याइतकाच होता, म्हणून पाय टेकवता आला. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या.

त्या आठवड्यात सायकलला कुलूप होते. वहिनींना मी फोनवर काही पटवून देऊ शकले नाही, तसा प्रयत्नही फारसा केला नाही. शेवटी त्या स्वतःच दादाबरोबर दुकानात गेल्या. ब्रेक बदलून घेतले, दोन्ही लिव्हर चार वेळा दाबून पाहिले आणि मगच किल्ली परत दिली.

सीटची उंची मी लावून दिली. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीपाशी दुखू लागते. परंतु उंच सीटवर चढणे वयस्करांना अवघड जाते, म्हणून दादा सायकल बाजूला कलती करून पाय टाकतो. करंगळी बधिर झाली तर तळहातावर भार जास्त येतो आहे असे समजावे आणि हँडल वर घ्यावे. सायकलने हाडांना पुरेसा भार मिळत नाही, म्हणून त्याचे चालणे आणि आठवड्यातून दोनदा हलकी वजने उचलणे मी सुरूच ठेवले आहे. त्यावर तो कुरकुरतो.

हल्ली तो कालव्याकाठच्या कच्च्या वाटेने पाऊण तास जाऊन येतो, शेजारच्या एका मित्राच्या सोबतीने. मोठा उतार आला की उतरून सायकल हाताने नेतो. जुन्या स्प्रिंगचा फोर्क अर्धवटच काम करतो. त्याचे वजन ६० किलो, त्या मानाने स्प्रिंग कडक. धक्के झेलतात ते टायर, हवा बेताची असेल तर. टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. दादाच्या टायरला २८ पुरते. हवा दर आठवड्याला थोडी उतरते. ती भरायचे काम वहिनींनी स्वतःकडे घेतले आहे. पंपाच्या काट्याकडे चष्मा लावून पाहतात आणि २८च्या पुढे एक दाबही देत नाहीत.