विहिरीला काठ असतो

आपल्या हिंगोलीकडच्या पोरांना पाणी काही नवं नाही. येलदरीचं आहे, सिद्धेश्वरचं आहे, उन्हाळ्यात विहिरी तर आहेतच. पण खारं पाणी? ते पाहायला आमची सहल मुंबईला गेली आणि गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीच्या लाँचमध्ये चढली.

लाँच सुटायच्या आधीच घोळ. खलाशी लाइफ जॅकेट वाटत होता. सातवीतला एक पठ्ठ्या अडून बसला. "मला कशाला सर? मी विहिरीत वरून सूर मारतो!"

खलाशी हसला. "बाळा, विहिरीला काठ असतो."

मग मी त्याला जवळ बसवून सांगितलं. 18 डिसेंबर 2024 ला याच वाटेवर नौदलाची एक स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली. शंभरावर माणसं पाण्यात पडली. बरीचशी वाचवली गेली, पण काही जण घरी परतलेच नाहीत. पठ्ठ्यानं गुपचूप जॅकेटचा पट्टा आवळला.

तासाभराचा प्रवास. मागं ताज हॉटेल काडेपेटीएवढं होत गेलं. पुढं बेट. पायऱ्या चढताना दमछाक झाली, पण लेण्यातली ती तीन मुखांची मूर्ती पाहिली आणि गलका आपोआप थांबला. जवळजवळ 20 फूट उंच! आपल्या औंढ्याला नागनाथ, तसे इथंही महादेवच. पण हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर पोखरून काढलेलं. इथं एक दगडी हत्तीही होता, त्यावरूनच पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव ठेवलं. 1864 साली तो इंग्लंडला न्यायला उचलला आणि तो पडून फुटला. जोडलेला हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.

खाली येताना काकडी विकणाऱ्या मावशींशी गप्पा झाल्या. समोर सगळी मुंबई रात्रभर लखलखायची आणि इथं मात्र संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर, मग कंदील. समुद्राच्या तळातून केबल टाकून कायमची वीज आली ती 2018 साली! "पोरं अभ्यास कसा करायची हो?" आमच्या एका मुलीनं विचारलं. "उजेड असेस्तोवर," मावशी म्हणाल्या.

परतीच्या लाँचमध्ये पठ्ठ्या बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "सर, आमच्या आखाड्यावर पण तसंच करत्यात."